वऱ्हाडचा जमाखर्च

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती. कुऱ्हाड सोन्याची खरी. परंतु तिचा दांडा कोणाच्या हाती, हा प्रश्न मात्र शंभर वर्षे सुटला नाही.

१८५३ साली हैदराबादच्या निजामाकडे कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली आणि त्या फौजेची सोय म्हणून वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेले. फौज हैदराबादची, अंमल इंग्रजांचा, आणि सारा भरणारा अकोला-अमरावतीकडचा कुणबी! खर्च भागून उरेल ती शिल्लक निजामाला द्यावयाची होती. पण १८६० च्या तहात एक कलम आले: निजामाने जमाखर्चाचा हिशेब मागू नये. शिल्लक देऊ, पण वही दाखविणार नाही, असा हा सावकारी न्याय! ज्या सरकारला हिशेब द्यावयाचा नाही, त्याला आपला खर्च आवरण्याची तरी निकड कशी वाटावी? निजामाचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे झटले; परंतु व्यर्थ.

पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ साली त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला. येथून भांडण नागपूरच्या तिजोरीशी सुरू झाले. आमच्या काळ्या जमिनीचा पैसा दुसऱ्यांच्या मुलखात जिरतो, असे वऱ्हाडी पुढारी म्हणत. प्रांत एक तर तिजोरीही एक, आणि गरीब जिल्ह्यांना हात कोणी द्यावा, असे उत्तर येई. दोन्ही बाजूंत तथ्य होते. वाटणीसाठी ‘सिम फॉर्म्युला’ निघाला. १९३५ च्या कायद्याने तर प्रांताच्या उत्पन्नाचा वाजवी हिस्सा वऱ्हाडसाठी खर्च होतो की नाही, हे पाहण्याची खास जबाबदारी गव्हर्नरवर टाकली.

स्वातंत्र्य आले, तरी शंका गेली नाही. ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार या दोहोंच्या मुळाशी हीच धास्ती होती. १९५५ साली फाजलअली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती मान्य झाली नाही. मग निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद घटनेच्या ३७१ व्या कलमात आली.

आता गंमत पाहा. एके काळी ‘आमचे आम्हाला राहू द्या’ म्हणणारा हा मुलूख पुढे ‘मागासलेल्यांना अधिक द्या’ म्हणू लागला. १९८४ च्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला. १९९४ साली विकास मंडळे आली आणि २०२० साली त्यांची मुदतही संपली. देणारा मागणारा झाला, म्हणून त्याला कोणी हसू नये. कर जास्त की कमी, सरकार मोठे की लहान, हे वाद विद्वानांनी खुशाल घालावेत. वऱ्हाडी शेतकऱ्याचा प्रश्न दोन्ही वेळा एकच होता: माझा रुपया गेला कुठे? १८६० च्या तहाने जी वही मिटली, ती उघडा, एवढेच त्याचे मागणे आहे.