अनेक वाटांचा एक दिग्दर्शक

एखादा दिग्दर्शक आज पौराणिक, उद्या कौटुंबिक आणि परवा नृत्यप्रधान चित्रपट काढू लागला, की याचे स्वतःचे असे काय, ही शंका रसिकांच्या मनात डोकावते. हॉलिवूडच्या विल्यम वायलरच्या वाट्यालाही ती आली. 'मिसेस मिनिव्हर' (१९४२) ही युद्धकाळातील कुटुंबकथा त्याची, 'रोमन हॉलिडे' (१९५३) ही हसरी प्रेमकथा त्याची आणि ख्रिस्ती घराघरांत ठाऊक असलेला 'बेन-हर' (१९५९) हा भव्य चित्रपटही त्याचाच. हीच शंका आम्हां शिवडीकरांच्या शेजारी, परळला, अनेक वर्षे काम केलेल्या दिग्दर्शकाविषयीही घेता येईल. ते दिग्दर्शक म्हणजे व्ही. शांताराम.

शिवडीच्या पश्चिमेस परळ लागूनच आहे. नादियाचे साहसपट काढणाऱ्या वाडिया मूव्हिटोनचा स्टुडिओ तेथे होता. १९४२ साली शांतारामांनी तो घेतला आणि वडील राजाराम व आई कमल यांच्या नावांवरून त्याचे नाव 'राजकमल कलामंदिर' ठेवले. गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस मोजणाऱ्या या वस्तीत मग शकुंतलेचा आश्रम उभा राहिला आणि पेशवाईतील शाहिरांची डफ-तुणतुणी वाजू लागली.

शांतारामांचा जन्म कोल्हापूरचा, १९०१ सालचा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत ते शिकले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 'प्रभात' काढली. 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा मराठीतील पहिला बोलपट त्यांनीच दिग्दर्शित केला. त्यानंतरची यादी पाहिली, तर हे एकाच माणसाचे काम आहे यावर विश्वास बसू नये. 'धर्मात्मा' (१९३५) हा संतपट, 'कुंकू' (१९३७) हा सामाजिक, 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) हा चरित्रपट, 'अमर भूपाळी' (१९५१) हा शाहीर होनाजीवरचा संगीतपट, 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) हा टेक्निकलरमधील नृत्यपट आणि 'पिंजरा' (१९७२) हा तमाशापट.

परंतु ही चित्रे शेजारी शेजारी मांडली, की त्यांतील अनेकांतून एकच प्रश्न डोके वर काढताना दिसतो. समाजाने ज्याच्यावर एकदा शिक्का मारला, त्याला माणूस म्हणून पुन्हा उभे राहता येते काय?

'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथ अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जेवावयास जातात. 'कुंकू'मधील नीरा वृद्ध वकिलाशी फसवून लावून दिलेले लग्न मनाने नाकारते. शांता आपटे यांनी ही भूमिका केली आणि तीत लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही गायिली. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातील, रस्त्यावरील नित्याचे आवाज तेवढे ऐकू येतात, त्यामुळे त्या घरातील कोंडमारा अधिकच जाणवतो. 'माणूस'मध्ये (१९३९) पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना यांची कथा आहे. गणपतची भूमिका करणारे शाहू मोडक हे अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घराण्यातले, हे आमच्या वाचकांना सांगितलेच पाहिजे. पडद्यावरील कृष्ण म्हणून महाराष्ट्राने त्यांच्यावर उदंड प्रेम केले. 'शेजारी'मध्ये (१९४१) धरणाच्या निमित्ताने दोन जिवलग शेजाऱ्यांत, एक हिंदू व एक मुसलमान, फूट पाडली जाते. हिंदी आवृत्तीत मुसलमान शेजाऱ्याची भूमिका गजानन जागीरदारांना आणि हिंदूची मझहर खान यांना देण्यात आली होती. त्या काळात अशी निवड करावयास धैर्य लागत होते.

या प्रश्नाचे सर्वांत निर्भय उत्तर 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटात मिळते. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली होती. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि औंधचे राजे यांचा हा प्रयोग. त्याच मुलखातले ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून कथा रचली. सहा खुनी, ओसाड जमीन आणि भिंतींऐवजी विश्वासावर भिस्त ठेवणारा एक जेलर. ही भूमिका स्वतः शांतारामांनी केली. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी मात्र वाचली.

१९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, हे अनेकांस ठाऊक असते. त्याच ठिकाणी ओसिक या आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेनेही त्याला आपले पारितोषिक दिले, हे मात्र आपल्या धर्मग्रामांतूनही फारसे बोलले जात नाही. चित्रपटात ख्रिस्ती पात्र नाही, चर्च नाही, क्रूस नाही. तरीही पाप्याला नावाने हाक मारणारे आणि परत येण्याची वाट पाहणारे प्रेम परीक्षकांनी त्यात ओळखले असावे, असे आम्हांस वाटते. भरत व्यासांनी लिहिलेली व वसंत देसाईंनी स्वरबद्ध केलेली त्यातील प्रार्थना पुढे कितीतरी शाळांतून म्हटली जाऊ लागली.

शांतारामांचे सारेच चित्रपट या उंचीचे नव्हेत. 'नवरंग' (१९५९) व त्यानंतरच्या काही चित्रांत रंग आणि नेपथ्य यांनी कथेला झाकून टाकले, हा आक्षेप खोटा नाही. पण 'पिंजरा'त तोच जुना प्रश्न उलट्या बाजूने येतो. येथे पडतो तो गावाने देवपण दिलेला मास्तर. शिक्का चांगला असो वा वाईट, त्याखाली माणूस गुदमरतो, हेच श्रीराम लागूंच्या त्या मास्तराकडे पाहताना कळते.

१९८५ साली शांतारामांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९९० साली त्यांचे निधन झाले. शिवडी-परळच्या गिरण्यांचे भोंगेही आता थांबले आहेत. तुरुंगातून सुटलेला मुलगा चाळीत परत येतो, तेव्हा त्याला काम कोण देणार, मिस्साच्या वेळी त्याच्या शेजारच्या बाकावर कोण बसणार, हे प्रश्न मात्र आजही आहेत. आपल्या कुटुंबांनी एखाद्या रविवारी 'दो आँखें बारह हाथ' एकत्र बसून पाहावा आणि मग या प्रश्नांवर मुलांशी बोलावे, एवढीच आमची विनंती आहे.