ध्वजाआधीचा संघ

१९२० चा ऑगस्ट महिना. १ तारखेच्या पहाटे मुंबईत, सरदारगृहात, लोकमान्य टिळकांनी अखेरचा श्वास घेतला. त्याच दिवशी गांधीजींच्या असहकार आंदोलनाला आरंभ झाला. पुढे तेरा दिवसांनी, १४ ऑगस्टला, बेल्जियममधील अँटवर्प शहरात ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्या संचलनात ‘इंडिया’ या नावाखाली काही तरुण चालत होते. त्यांचा देश तेव्हा स्वतंत्र नव्हता, आणि त्यांच्यापुढे जो ध्वज होता तो राज्यकर्त्यांचा होता.

मित्रहो, ‘देशासाठी खेळणे’ हे शब्द आपण आज सहजतेने उच्चारतो. या थ्रेडमध्ये मला त्या पिढ्यांविषयी लिहायचे आहे, ज्यांच्यासाठी ‘कोणत्या देशासाठी?’ हा प्रश्न मुळीच सहज नव्हता.

(१९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमधील नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदके भारताच्या खात्यावर मांडली जातात, हे खरे. पण ते एकटेच उतरले होते. निवड चाचणी घेऊन पाठवलेला पहिला भारतीय संघ अँटवर्पचाच.)

या संघाचे मूळ पुण्यात आहे. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. त्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांना एक विलक्षण दृश्य दिसले. खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावत होती. शास्त्रशुद्ध सराव नाही, आहाराचा विचार नाही, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला. ब्रिटिश ऑलिंपिक समितीमार्फत भारताला प्रवेश मिळाला. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला.

ऑलिंपिक म्हणजे काय, याची कल्पना तेव्हा किती धूसर होती, याचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. शंभर यार्डांसाठी किती वेळ लागत असेल, असे विचारल्यावर जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाने ‘एक ते दोन मिनिटे’ असे उत्तर दिले म्हणे! हिशेब सेकंदांचा, किंबहुना सेकंदाच्या दशांशाचा असतो हे कळल्यावर ते थक्क झाले. किस्स्याला थोडी फोडणी मिळाली असेल, पण त्यावर हसण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की या मंडळींनी काही महिन्यांतच संघ उभा करून युरोपात पाठवला.

संघ लहानच होता. चार धावपटू, दोन मल्ल. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉनसाठी, कैकाडी लांब पल्ल्यासाठी, बंगालचे बॅनर्जी कमी पल्ल्याच्या शर्यतींसाठी. मल्लांमध्ये कुमार नवले आणि रणधीर शिंदे.

त्या वर्षीची मॅरेथॉन आजच्यापेक्षाही लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत जिंकले. चौगुले सुमारे २ तास ५० मिनिटांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. ज्या देशात मॅरेथॉन हा शब्दच नवा होता, तिथल्या धावपटूचा हा क्रमांक मला आजही कमी वाटत नाही.

शिंदे तर पदकाच्या उंबरठ्यावर गेले. फ्रीस्टाइलच्या फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीत ते हरले आणि चौथे आले. समोरचा मल्ल होता ग्रेट ब्रिटनचा फिलिप बर्नार्ड. शासक आणि शासित एकाच मॅटवर, समान नियमांनी भिडत होते. वसाहतीच्या दैनंदिन व्यवहारात असे किती वेळा घडत असेल?

पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ आणि १९३२ मध्ये हॉकीचे सुवर्णपदक आले. या दोन्ही स्पर्धांत, आणि १९३६ मध्येही, ब्रिटनने हॉकीचा संघ उतरवलाच नाही. कारणांविषयी इतिहासकारांत चर्चा आहे. माझे मत विचाराल, तर साम्राज्याला काही सामने न खेळणेच परवडते.

१९३६, बर्लिन. अंतिम सामना जर्मनीशी, तारीख १५ ऑगस्ट. (या तारखेत संकेत शोधण्याचा मोह टाळावा. योगायोग हा पुरावा नसतो.) सरावसामन्यात याच जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले होते, त्यामुळे संघ अस्वस्थ होता. ध्यानचंद यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे की सामन्यापूर्वी ड्रेसिंग रूममध्ये पंकज गुप्ता यांनी अचानक काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि मग ते मैदानात उतरले. ध्यानचंद स्वतः ब्रिटिश भारतीय सैन्यात नोकरीला होते, हे विसरू नये. अधिकृत ध्वज बाहेर स्टेडियमवर होता, मनातला ध्वज बंद दाराआड. भारत ८-१ ने जिंकला.

मग १२ ऑगस्ट १९४८, लंडनचे वेम्ब्ली. ब्रिटनचा संघ अखेर समोर आला. ४-० असा निकाल लागला, त्यातले दोन गोल बलबीर सिंग यांचे. तिरंगा या वेळी उघड्यावर, लंडनच्या आकाशात चढला. ही कथा बहुतेक जण इथेच थांबवतात.

पण बर्लिनच्या त्या विजयी संघात अली इक्तिदार शाह दारा नावाचे एक खेळाडू होते. उपांत्य फेरीआधी त्यांना भारतातून तातडीने बोलावून घेतले होते, आणि अंतिम सामन्यातही ते खेळले. १९४८ मध्ये दारा पुन्हा ऑलिंपिकला आले, पाकिस्तानचे कर्णधार म्हणून. उपांत्य सामन्यात ब्रिटनने त्यांच्या संघाला २-० असे हरवले. तो निकाल उलटा लागला असता, तर वेम्ब्लीवर त्या दिवशी दारांच्या समोर तिरंगाच असता.