डोळे डोक्याच्या मध्यावर असतात

नवशिक्याने काढलेला चेहरा लगेच ओळखू येतो. नाक, डोळे, ओठ अगदी मन लावून काढलेले असतात, पण डोळे जाऊन बसलेले असतात पार वर, आणि त्यांच्यावर उरतं जेमतेम बोटभर कपाळ. डोक्याचा मागचा गोल तर गायबच! खरं म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंत मोजलं तर डोळे जवळजवळ मध्यावर येतात. पटत नसेल तर घरातला एखादा पासपोर्ट फोटो घ्या आणि पट्टी लावून बघा. (केसांचा फुगा धरायचा नाही हं, कवटी धरायची.)

आता हे असं का होतं? हात वळत नाही म्हणून नव्हे. चेहऱ्याचा जो भाग बोलतो, हसतो, डोळे वटारतो, तेवढाच आपल्या लेखी चेहरा. कपाळ आणि कवटी बिचारी गप्प असतात, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी बघतच नाही. म्हणजे जे दिसतं ते न काढता जे महत्त्वाचं वाटतं ते आपण मोठं काढतो. गेलं दीड वर्ष दर रविवारी मी चेहरे काढायला शिकते आहे, आणि त्या निमित्ताने या खोडीवर लोकांनी पूर्वी काय काय औषधं काढली ते वाचायचा नाद लागलाय.

सगळ्यात जुनं औषध म्हणजे माप. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हिअस सांगतो की चेहऱ्याचे तीन सारखे भाग पडतात: हनुवटीपासून नाकाच्या खालपर्यंत एक, तिथून भुवयांच्या मध्यापर्यंत दुसरा, आणि तिथून केसांच्या मुळांपर्यंत तिसरा. आणि आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिर 'बृहत्संहिते'त मूर्तीची मापं देताना काय म्हणतो? चेहरा बारा अंगुळं. त्यात कपाळ चार, नाक चार, हनुवटी चार. तेच तीन भाग! कोणी कोणाचं उचललं हा वाद मला घालायचा नाही. माणसाचं तोंड दोन्हीकडे सारखंच, एवढं कारण मला पुरतं. मजा पुढे आहे. तिथेच वराहमिहिर सांगतो की नग्नजिताच्या मते चेहऱ्याची लांबी चौदा अंगुळं, आणि ते माप द्राविड. म्हणजे नियम सांगता सांगताच त्याला कबूल करावं लागलं की सगळ्यांचे चेहरे एका मापाचे नसतात.

याच अडचणीत हजार वर्षांनी जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर सापडला. तो निघाला होता विट्रुव्हिअसच्या वाटेने, सुंदर माणसाचं एकच एक माप शोधायला. कित्येक माणसं मोजली. शेवटी त्याने एका मापाचा हट्ट सोडला आणि वेगवेगळ्या बांध्यांची वेगवेगळी मापं दिली. त्याचं हे पुस्तक १५२८ साली, तो वारल्यावर काही महिन्यांनी निघालं. त्यात चेहऱ्यांवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आखली आहे, आणि त्यातल्या रेघा जरा वरखाली सरकवल्या, तिरक्या केल्या की वेगळाच माणूस उभा राहतो. कपाळ बुटकं, नाक लांब, हनुवटी पुढे. माझ्या मते चेहरा शिकवण्याच्या इतिहासातली ही सगळ्यात शहाणी पानं. माप तेच, पण आता ते माणसाला साच्यात बसवायला नाही, तर तो साच्यातून कुठे बाहेर येतो ते पाहायला.

पुढे मात्र शाळांनी साचाच उचलला. एकोणिसाव्या शतकात युरोपात नवशिक्यासमोर जिवंत माणूस बसवत नसत. आधी छापील चित्रांची नक्कल, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे, आणि ते साधलं की मग माणूस. शार्ल बार्गने पॅरिसच्या गूपिल कंपनीसाठी १८६६ ते १८७१ मध्ये असे नकलेचे छापील पाठ काढले, जेरोमच्या साथीने. व्हॅन गॉगने एके काळी याच कंपनीत नोकरी केली होती. १८८० साली, वयाच्या २७ व्या वर्षी, तो बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात बसून हे पाठ एकामागून एक गिरवत होता. पन्नाशीत पेन्सिल धरणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून केवढा धीर येतो म्हणून सांगू!

आणि मुंबई? जमशेटजी जीजीभॉयांनी १८५३ मध्ये दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, आणि तिथेही ठसे आले. आपल्याकडची मुलं सरळ ग्रीक नाक घोटून घोटून माणूस शिकू लागली. पण त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले, भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला. ते काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यातलेच. कल्पना करा, शाळेत पांढऱ्याफटक प्लास्टरची बाहुल्या नसलेली डोकी, आणि अजिंठ्यात जड पापण्यांचा, सावळा, खाली बघणारा पद्मपाणी. १८९० मध्ये त्याच शाळेत कोल्हापूरहून धुरंधर आले. मुंबईच्या रस्त्यांवरची माणसं त्यांनी पुढे चितारली, ती बघताना वाटतं, ग्रीक डोकं याला पुसता आलं होतं.

आमच्या पिढीने एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, पण चेहरा तिथे कुठे होता? स्मरणचित्रात माणसं लागत, ती आम्ही हुशारीने पाठमोरी काढत असू. असो.

आमच्या रविवारच्या वर्गातले सर शिकवतात ते अँड्र्यू लूमिसच्या पद्धतीने. हा अमेरिकन चित्रकार. डोकी आणि हात यांवरचं त्याचं पुस्तक १९५६ चं. आधी चेंडू काढायचा, दोन्ही बाजूंनी चकती कापल्यासारखा चपटा करायचा, त्यावर भुवयांची रेघ, आणि मग खाली जबडा जोडायचा. कवटी आधी आल्यामुळे ती विसरायची सोयच राहत नाही. आणि चेहऱ्याचे भाग? तीनच, सारखे.

आता घरातल्या मंडळींसाठी. आमच्या आजीचा एकही फोटो नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. ती कशी दिसायची ते चेहऱ्याने सांगू शकेल असं एकच माणूस आता उरलंय, ते म्हणजे आत्या, वय ८४. मागच्या महिन्यात तिला खिडकीत बसवलं. कवळी काढून ठेवलेली. हात लांब करून पेन्सिलने मोजलं तर खालचा भाग वरच्या दोघांपेक्षा चांगलाच कमी. दात गेले की जबडा वर येतो आणि हनुवटी नाकाला भेटायला निघते. नियम ठाऊक नसता तर हे 'किती' ते कळलं नसतं. नुसतं 'म्हातारी' काढून झालं असतं. मोजलं तसंच काढलं.

आत्याने चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "तोंड आईचं आलंय गं. कपाळ नाही. कपाळ तिचं धाकट्याकडे गेलं."

तेव्हा काका, दिवाळीत याल तेव्हा अर्धा तास खिडकीत बसायची तयारी ठेवा. टोपी न घालता.