अजिंक्यतारा ते शेणोली, व्हाया कुंडल

बरेच दिवस इथे काही खरडलं नाही. हापिसात रिलीज होतं, आणि विकांताला मी डोंगरावर होतो.

साताऱ्यात आता पळण्याची साथच आली आहे म्हणा ना. यवतेश्वरच्या घाटात २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, २०१५ मध्ये तिची गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हापासून दर घरटी एक तरी माणूस 'सराव' करतोय. मीही त्यातलाच. शनिवारी पहाटे अजिंक्यतारा: कानात गाणी, हातात घड्याळ. औरंगजेबाला हा किल्ला घ्यायला डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० इतका वेळ लागला, आपण पंचवीस मिनिटांत वर, अशी माझी नेहमीची फुशारकी. (त्याच्यावर वरून दगड आणि गोळे येत होते, हे मी सांगत नाही.)

तर अशाच एका शनिवारी चढावर एक आजोबा आडवे आले. सत्तरीचे, डोक्याला मफलर, पायात साधे कॅनव्हासचे बूट. वाट अडवून हसत म्हणाले, "काय पाव्हणं, मागं कोण लागलंय का?"

नाइलाजाने कानातलं काढलं. "नाही आजोबा, हौस."

"हौसच बरी. आमचं वडील पळायचं, तवा खरंच मागं पोलीस असायचं."

झालं! त्या दिवशीच्या पेसची वाट लागली.

आजोबा मूळचे कुंडलचे, आता मुलाकडे साताऱ्यात. वडील प्रतिसरकारच्या काळात रात्री चिठ्ठ्या पोचवायचे. शाळेत आपण 'क्रांतिसिंह नाना पाटील, प्रतिसरकार, साताऱ्याचे' एवढं पाठ करून दोन मार्क मिळवतो. पण तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजच्या सांगलीचा वाळवा, तासगाव, खानापूर धरून. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कुंडल मात्र औंध संस्थानात होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे जबरदस्त भोक्ते, शाळांतून पोरांकडून रोज नमस्कार घालून घेणारे. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी १९३९ मध्ये कारभार प्रजेच्या हाती दिला. अशा राजाच्या हद्दीत भूमिगतांना थोडी तरी उसंत मिळायची. म्हणजे पळायचं कुठे, तर हद्द ओलांडेपर्यंत. आमच्या रेसला फिनिश लाइन असते, त्यांना संस्थानाची शीव होती.

"पण वाट कुठली होती हो?" मी विचारलं.

आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, वडिलांनी वाट कधी सांगितली नाही. स्वातंत्र्यानंतरही नाही. कुणाच्या घरी भाकरी खाल्ली, कुणाच्या वैरणीत झोपले, काही नाही. डोंगर चढताना तोंडातून शब्द काढायचा नाही ही सवय मरेपर्यंत राहिली. "कुंडलचा डोंगर एकदा पुरता चढायचाय. गुडघं अजून हायत तवर. पोराला येळ न्हाई."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मिरजेकडच्या गाडीत!

किर्लोस्करवाडीला उतरलो. या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. कुंडलला डोंगरावर पार्श्वनाथाची देवळं आहेत, त्यामुळे पायऱ्यांवर माणसं भेटतातच. एक जैन कुटुंब आजीला हाताला धरून नेत होतं, कॉलेजची चार पोरं फोटो काढत होती. आजोबा प्रत्येकाशी बोलले. वडील जितके मुके, तितका मुलगा बोलका. कुठलं गाव, कुणाचे कोण... आणि मी, ज्याला अजिंक्यताऱ्यावर तीन वर्षं रोज भेटणाऱ्या माणसांची नावं माहीत नाहीत, मागे उभा.

तूफान सेना इथलीच, १९४३ मधली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, हे तिचे म्होरके. बापू २०११ मध्ये गेले, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. प्रतिसरकारची न्यायालयंही चालायची आणि शिक्षाही. खबऱ्यांचे तळपाय फोडून काढायचे, त्यावरून 'पत्री सरकार' म्हणू लागले असं इकडे सांगतात. पळणारा माणूस म्हणून मला ही शिक्षा ऐकून कसंतरीच झालं. आजोबांना विचारलं, वडिलांनी कुणाला मारलं होतं का? "त्येबी न्हाई सांगितलं," म्हणाले. मी पुढे खोदलं नाही.

देवळांच्या पुढे पायवाटेने निघालो. मी सवयीने दहा पावलं पुढे पळायचो, परत यायचो, कुत्र्यासारखा. शेवटी चालूच लागलो. वाट तारेच्या कुंपणाशी संपली. पलीकडे सागरेश्वर अभयारण्य, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. धों. म. मोहिते यांनी उघड्या माळावर माणसं जमवून झाडं लावली, आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं. म्हणजे वडिलांच्या वेळी इथे लपायला झाडही नव्हतं. आजोबा कुंपणाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "मग रातचंच जात असणार. चांदणं नसताना."

वाटेचा तेवढाच पत्ता लागला.

खाली उतरून वडापने शेणोली गाठली. ७ जून १९४३ ला तूफान सेनेने रुळांवर दगड रचून इथे गाडी अडवली आणि सरकारी पगाराची रक्कम काढून घेतली. तेव्हा ही लाइन मीटरगेज होती. रुळांजवळ छोटं स्मारक आहे. (पगाराची गाडी म्हटल्यावर आमच्या हापिसातल्या दोघातिघांचा जीव नक्की कासावीस होईल. असो.) आजोबांनी मफलर सोडून स्मारकावरची धूळ पुसली, पुन्हा बांधला.

परतीच्या गाडीला वेळ होता. टपरीवर चहा घेतला, घड्याळ बघितलं तर बंद करायचंच राहिलेलं. वडापमधला प्रवास धरून माझा पेस जागतिक विक्रमाच्या पुढे गेला होता! आजोबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला आणि विचारलं, "हेच्यात नावं लिवता येत्यात का? आज भेटल्याली मानसं?"

नाही येत म्हटलं. मग चहावाल्याकडून कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. चौदा नावं झाली. दोन गावांचा आमच्यात वाद झाला, तेवढ्यात गाडी आली.