दारावरच्या माणसाचा परवाना

वाड्याच्या देवडीवर कोण बसला आहे, यावरून आतला कारभार कसा चालतो याची अटकळ बांधता येते, हे आपल्या लोकांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. इंग्लंडला हीच गोष्ट आपल्या नाइटक्लबांच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने शिकावी लागली.

मद्यगृहांच्या दारावर धट्टाकट्टा माणूस उभा करण्याची चाल तिकडे जुनीच. त्याला आता आपणही बाउन्सर म्हणतो. दंगेखोराला बाहेर काढावे, अल्पवयी मुलांना अडवावे, हे त्याचे काम. पोलिसाचा अधिकार त्याला मुळीच नाही. सामान्य नागरिकाला जेवढा, तेवढाच. परंतु १९८० नंतरच्या दशकात या क्लबांतून एक्स्टसी नावाच्या मादक गोळ्यांचा सुळसुळाट झाला आणि दाराला निराळीच किंमत आली. आत कोणाला सोडावयाचे हे ज्याच्या हाती, आत गोळ्या कोणी विकावयाच्या हेही त्याच्याच हाती! साहजिकच गुन्हेगारांच्या टोळ्यांचा डोळा दारावर गेला. मँचेस्टरचा हॅसिएंडा हा विख्यात क्लब टोळ्यांच्या दहशतीमुळे १९९१ साली काही महिने बंद ठेवावा लागला. १९९७ मध्ये तो कायमचाच मिटला.

काही नगरपालिकांनी आपापल्या हद्दीत या लोकांची नोंदणी सुरू केली. पण एका गावचा नियम दुसऱ्या गावी चालत नसे. अखेर २००१ साली पार्लमेंटने खाजगी सुरक्षा व्यवसायाचा कायदा केला, २००३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, आणि २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये परवान्यावाचून असे काम करणे हा गुन्हा ठरला. पूर्वीच्या गुन्ह्यांची तपासणी व्हावयाची, प्रशिक्षण घ्यावयाचे, आणि तीन वर्षांच्या मुदतीचा तो परवाना लोकांना दिसेल असा अंगावर लावावयाचा.

ही शेवटची अट दिसावयास किरकोळ, पण महत्त्वाची. अनोळखी दांडग्याने मारले, तर तक्रार कोणाविरुद्ध करावयाची? आता निदान क्रमांक तरी सांगता येतो. बळाला नाव मिळाले की त्याला जाब विचारता येतो.

तथापि एक उणीव राहिलीच. परवाना लागला तो माणसाला. त्याला कामावर पाठविणाऱ्या कंपनीला नाही. कंपन्यांसाठी २००६ मध्ये जी मान्यतेची योजना निघाली, ती ऐच्छिक होती. पुढे २०१७ साली मँचेस्टरच्याच अरीना सभागृहात बाँबस्फोट होऊन २२ निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. ते सभागृह नाइटक्लब नव्हे; पण तेथील सुरक्षारक्षक याच कायद्याखाली येत. चौकशीप्रमुख सर जॉन सॉन्डर्स यांनी २०२१ च्या अहवालात, दहशतवादाला तोंड द्यावे लागेल असे काम घेणाऱ्या कंपन्यांनाही परवाना सक्तीचा करण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस केली.

पहारेकऱ्याची झडती घेणे सोपे असते. त्याला तेथे कोणी बसविले, किती शिकविले आणि किती माणसांचे काम एकट्यावर टाकले, हे धन्याला विचारल्यावाचून दाराची व्यवस्था पुरी होत नाही.