दीपावली, चातुर्मास आणि ऊणोदरी

दीपावली हा सर्व भारताचा उत्सव असला, तरी जैन परंपरेत त्याचे मूळ भगवान महावीरांच्या निर्वाणात आहे. परंपरेनुसार इ. स. पू. 527 मध्ये आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरी येथे प्रभूंचे निर्वाण झाले. त्या वेळी प्रभूंचा दोन दिवसांचा निर्जल उपवास होता. नऊ मल्ल व नऊ लिच्छवी अशा अठरा गणराजांनी त्या दिवशी पौषध केला आणि ज्ञानाचा दीप मालवला म्हणून दिव्यांची आरास केली, असे कल्पसूत्रात वर्णन आहे. पुढे शके 705, म्हणजे इ. स. 783 मध्ये, आचार्य जिनसेनांनी पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणातही निर्वाणाच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या दीपोत्सवाचा उल्लेख आढळतो. दिगंबर मंदिरांत आजही पहाटे निर्वाण लाडू अर्पण केला जातो. म्हणजे या सणातला पहिला लाडू भगवंतांच्या चरणी असतो.

कल्पसूत्रातील त्या दीपावलीत उपवास होता आणि प्रकाश होता. फराळ मागाहून लोकजीवनातून आला. पावसाळा सरून नवे धान्य घरात येते, थंडीची चाहूल लागते, अशा वेळी स्निग्ध पदार्थ करण्यात गैर काहीच नव्हते. साखर रेशनवर मोजून मिळत होती, तेव्हा चकली, करंजी, अनारसे वर्षातून एकदाच होत आणि अंगमेहनतीने ते पचतही. आज हे सारे पदार्थ बारा महिने दुकानात मिळतात, श्रम मात्र घटले आहेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे सणाचा आनंद आणि घरातील वडीलधाऱ्यांचे आरोग्य यांचा मेळ घालणे हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न झाला आहे.

या प्रश्नाचे उत्तर परंपरेतच आहे. चातुर्मास कार्तिक पौर्णिमेला संपतो. अर्थात दीपावली चातुर्मासातच येते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही. श्वेतांबर परंपरेत मिठाईची कालमर्यादा हिवाळ्यात 30, उन्हाळ्यात 20 आणि चातुर्मासात केवळ 15 दिवसांची सांगितली आहे. हा नियम पाळणाऱ्या गृहिणीला महिनाभर पुरतील एवढे डबे भरताच येत नाहीत. फराळ आपोआपच बेताचा होतो.

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांत उपवासानंतर लगेच दुसरे स्थान अवमौदर्याला, म्हणजेच ऊणोदरीला आहे. भगवती सूत्रात पुरुषाचा पूर्ण आहार 32 घासांचा मानला असून, त्याहून एक घास कमी घेणाराही अतिभोजी ठरत नाही, असे म्हटले आहे. किती उदार दृष्टी ही! अठ्ठाई सर्वांना साधत नाही. एक घास कमी खाणे लहानथोर सर्वांना साधते.

श्रावकाच्या चौदा नियमांत द्रव्य आणि विगई यांची मर्यादा आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहा विगई. फराळाच्या ताटात यांपैकी शेवटच्या चार एकत्र येतात. दिवसभरात किती पदार्थ घ्यायचे आणि कोणती विगई सोडायची, हे सकाळीच ठरवून पच्चक्खाण घेतले, तर घरोघरी होणाऱ्या आग्रहाला नम्र उत्तर मिळते. नियम सांगितल्यावर यजमानही रागावत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन केले, तर रात्रीच्या भेटीगाठींतील खाणेही टळते. मात्र औषधे चालू असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना उपवास करू नये. त्यांना ऊणोदरीचा मार्ग खुला आहे.

आग्रह हा प्रेमाचा भाग आहे, हे खरे. परंतु पाहुण्याने ‘पुरे’ म्हटल्यावर थांबणे हाही आदरच होय. दीपावलीला व्यापारी नवी वही उघडतो आणि जमा-खर्चाचा मेळ घालतो. देहाच्या वहीतही जमेची बाजू खर्चाहून फार वाढली, तर ती नफा नसून कर्ज असते. अठरा गणराजांनी लावलेला दीप जपायचा, तर दिव्यांच्या रांगेबरोबर ताटातील एक घासही कमी व्हावा. निर्वाणोत्सवाला शोभणारी ती खरी आरास ठरेल.