रायगडातील हिरवा लॅपटॉप आणि परकी विंडोज
१/५ दिवेआगरच्या शके ९८२ (इ. स. १०६०) मधील ताम्रपटामुळे रायगड जिल्ह्याला मराठी लेखनाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. याच जिल्ह्यातील खैराट गावच्या शाळेत २००७ मध्ये लेखनाचे एक नवे साधन आले: 'एक्सओ' हा हिरवा-पांढरा लॅपटॉप.

२/५ 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेचा तो भारतातील पहिला प्रयोग. लॅपटॉपवर लिनक्सवर आधारलेली 'शुगर' प्रणाली होती. मुलांनी प्रोग्रॅम वापरावेत आणि ते उघडून त्यांची घडणही पाहावी, हा त्यामागील हेतू.

३/५ अनेक सरकारांना मात्र विंडोज हवी होती. यंत्राची मेमरी २५६ एमबी, अंतर्गत साठवण अवघी १ जीबी. विंडोज एक्सपी त्यात मावेना. तोडगा निघाला तो एसडी कार्डाचा: प्रणाली कार्डावर ठेवून तेथूनच यंत्र सुरू करायचे.

४/५ दुसरा अडसर अधिक खोल होता. एक्सपीला सुरू होण्यासाठी बायोस लागे. एक्सओत होते ओपन फर्मवेअर. दोहोंचा मेळ घालावा लागला, हार्डवेअरसाठी नवे ड्रायव्हर लिहावे लागले. मे २००८ मध्ये एक्सओवरील एक्सपीची अधिकृत घोषणा झाली.

५/५ त्याच सुमारास शुगरचे एक प्रमुख शिल्पकार वॉल्टर बेंडर संस्थेतून बाहेर पडले आणि त्यांनी 'शुगर लॅब्ज' स्थापन केली. साठवणीची अडचण एका कार्डाने सुटली. मुलाच्या हाती दिलेले यंत्र त्याला कितपत उघडता यावे, हा वाद मात्र तसाच राहिला.